बाराजणांतला बारावा

४ सप्टेंबर, गुरुवार

आज मी बाराजण सोडलं. कुणी काढलं नाही, मी सोडलं. स्पष्ट लिहून ठेवतो, कारण उद्या लोक काहीही बोलतील.

घडलं ते असं. चर्चमधली प्रॅक्टिस संपली. सगळे आपापले झगे खुंट्यांना लावत होते. मेहुण्याने मला ऑर्गनच्या मागे नेलं. हा हिचा धाकटा भाऊ. शाळेत संगीत शिकवतो आणि बाराजण हा आमचा गायकवृंद चालवतो. म्हणाला, दाजी, यंदा चर्चच्या वर्धापनदिनाला तुम्ही आवाजाला जरा विश्रांती द्या. त्यापेक्षा ऑर्गनच्या भात्याची मोटार बघा. फार घुमते, खालचा सूर ऐकूच येत नाही.

खालचा सूर म्हणजे मीच की. मी आणि कॅशियर. मग ऐकू येत नाही म्हणून मोटार बंद करायची का मला?

तीस वर्षं बेस गायलो आणि आता इलेक्ट्रिशियन. मी काही बोललो नाही. शांतपणे झगा काढला, शांतपणे खुंटीला लावला आणि शांतपणे म्हणालो की तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून मी इथे उभा आहे. यानंतर बराच वेळ शांतपणे बोललो. शेवटी वॉचमन दिवे घालवायला आला.

घरी येऊन व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप सोडला.

संकल्प: घरात हा विषय काढायचा नाही. ही भावाची बाजू घेणार आणि शब्दाने शब्द वाढणार.

जेवताना काढला. वाढला.

अंदाज: रविवारच्या आत बोलावणं येईल. बाराजणांत बारा नकोत का?


५ सप्टेंबर, शुक्रवार

फोन नाही. माझ्या मोटारदुरुस्तीच्या दुकानातल्या मिस्त्रीला माझ्या नंबरवर फोन करायला लावला. रिंग व्यवस्थित वाजते.

रेंजचा प्रश्न असू शकतो.


७ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेलो. देवावर माझा राग नाही.

पाद्रीसाहेब नेहमीसारखे म्हणाले, आता बाराजण गातील. आणि अकरा जण उठले! बरे गायले. म्हणजे पोकळ वाटलं. म्हणजे मला वाटलं. ही म्हणाली, छान झालं.

ही सरळसरळ फसवणूक आहे. आमच्या मोटार वाइंडिंगच्या, म्हणजे मोटारीत तारेच्या कॉइल भरायच्या धंद्यात असं चालत नाही. खाचा बारा असतील तर कॉइलही बारा लागतात. एक कमी भरा आणि वर पाटी लावा, बघा मोटार किती वेळ चालते ते. पहिले घुमेल, मग तापेल, मग जळका वास.

आम्ही बाराजण सुरू केलं तेव्हा जुने पाद्रीबाबा होते. आम्ही सगळे पोरसवदा. मी नुकतं भाड्याच्या शटरमध्ये दुकान टाकलं होतं, हाताला सतत वार्निशचा वास. पाद्रीबाबांनी मोजलं, बारा भरले, म्हणाले की शिष्यच झालात, फक्त दगा देणारा यहूदा कोण ते सांगू नका. तेव्हापासून हे नाव. कुणी गेलं, कुणी परदेशी गेलं, तरी प्रत्येक वेळी जागा भरली. बारा ते बाराच.

आणि हे तर बायबलातच आहे. यहूदा गेल्यावर बाकीच्या अकरा जणांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात पहिलं काम काय केलं? चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतलं. जागा रिकामी ठेवली नाही. बारा म्हणजे बारा!

बाहेर पडताना पाद्रीसाहेबांना गाठलं. बुधवारच्या बायबल अभ्यासात मला वेळ द्या म्हणालो. विषय: बायबलातल्या बारा या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ. त्यांनी खिशातली डायरी काढली. मग आठ ऑक्टोबरची दहा मिनिटं दिली. वर्धापनदिन बारा ऑक्टोबरला, म्हणजे अगदी मोक्यावर. मेहुण्याचं नाव घेणार नाही. फक्त अर्थ सांगणार. समजणाऱ्याला समजेल आणि तो माफी मागायला येईल.

संकल्प: महिन्याभरात ग्रीक शिकायचं. वाइंडिंग मी बघून बघून शिकलो, कुणी शिकवलं नाही. भाषा ती काय.


१० सप्टेंबर, बुधवार

ग्रीकच्या बाईंकडे गेलो. भावी पाद्र्यांना ग्रीक शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त आहेत. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्या इमारतीचा पंप माझ्याच हातचा, त्यामुळे घरोबा. मला त्या पंपवाले म्हणतात. जिना चढताना गुडघ्यांनी तक्रार केली. वर पोचल्यावर बाई म्हणाल्या, पंपवाले, पाणी येतंय की आज.

मी म्हणालो, पाण्यासाठी नाही, ग्रीकसाठी आलोय. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

शब्द आहे दोदेका. दोन आणि दहा. मी म्हणालो, म्हणजे बाराच ना? म्हणाल्या, बाराच. मी म्हणालो, कमी नाही, जास्त नाही? म्हणाल्या, बाजारात अंडी घ्यायला गेलात तर बाराच मिळतील.

झालं काम. एका भेटीत. लोक ग्रीकचा उगाच बाऊ करतात.

बाई मात्र म्हणाल्या की अजून या, सगळ्या जागा बघू, शब्द कुठे कसा बसलाय ते बघितल्याशिवाय अर्थ सांगू नये. ठीक. त्यांनाही सोबत हवी असते.


१५ सप्टेंबर, सोमवार

पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर ग्रीक मुळाक्षरं लिहून दुकानात टांगली. पाच पाठ झाली. मिस्त्रीने विचारलं, नवीन कंपनीची एजन्सी घेतली का?

फोन नाही. आता मी वाट बघणं सोडलंय. फोन फक्त खिशातून काढून टेबलावर ठेवलाय, काम करताना टोचतो म्हणून.


१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रॅक्टिसचा वार. संध्याकाळी हात मोकळे, काय करावं समजेना. माणूस थकतो तो कामाने नाही, सवय मोडल्याने. दुकानातच बसून राहिलो.

आज महत्त्वाची गोष्ट घडली. दुपारी हिचा मोबाइल दुरुस्तीला न्यायचा म्हणून माझ्याकडे होता. त्यात मेहुण्याने पाठवलेलं प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग सापडलं, २८ ऑगस्टचं. वर्धापनदिनाचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकलं.

मेहुण्याचा त्रास मला आता समजला. त्याची चूक नाही. चूक त्याने माणूस चुकीचा धरला ही.

माझे कान कसे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक फोन मोटारीजवळ धरतं, मी इथून सांगतो बेअरिंग गेलं की बुश गेला. तर या रेकॉर्डिंगमध्ये खालच्या सुरात एक आवाज आहे. प्रत्येक ओळीला उशिरा सुरू होतो, चढताना दमतो, सुराच्या जरा खाली लटकत राहतो आणि ओळ संपल्यावरही एक क्षण फिरतच राहतो. स्वच्छ लक्षण. बेअरिंग कोरडं पडलंय. वर हवा धरल्यासारखी घरघर. अशा पंपाला मी म्हणतो, याने खूप पाणी चढवलंय, आता याला आराम द्या.

खालच्या सुरात आम्ही दोघेच. म्हणजे कॅशियर.

बिचारा. बँकेतून निवृत्त होऊन बराच काळ झाला, सगळे अजून कॅशियरच म्हणतात. तीस वर्षं माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? मैत्री असते ती अशा वेळेसाठीच.


२० सप्टेंबर, शनिवार

कॅशियरकडे जाऊन आलो. अवघड काम होतं, पण मी हळुवारपणे केलं.

तो खिडकीत बसला होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. चहा झाला. मग मी आडून आडून सुरुवात केली. म्हणालो, प्रत्येक मशीनचं एक आयुष्य असतं. तो म्हणाला, कुठला पंप गेला? मग मला सरळच सांगावं लागलं. रेकॉर्डिंगमधलं सगळं सांगितलं, उशीर, दम, घरघर. ओळीच्या शेवटचं फिरत राहणं मी तोंडाने करूनही दाखवलं, म्हणजे त्याला नीट कळावं.

तो ऐकत राहिला. मग एकच प्रश्न विचारला.

“कधीचं रेकॉर्डिंग आहे हे?”

मी म्हणालो, अठ्ठावीस ऑगस्टचं.

“अच्छा,” म्हणाला. काळा चष्मा काढला, डोळे टिपले, पुन्हा लावला. ऑपरेशननंतर पाणी येतंच. मग म्हणाला की तू म्हणतोस तर थांबतो मी. मेहुण्याला घसा बसलाय असं सांगतो.

किती मोठ्या मनाचा माणूस. एका शब्दाने वाद नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर... पण ते जाऊ दे. तुलना नको.

परतताना मन हलकं होतं. आता बघू. दोन्ही बेस गेले, दहा उरले. आता मेहुणा येतोच.


२३ सप्टेंबर, मंगळवार

बाईंनी आज घात केला.

बायबलातल्या पौलाच्या पत्रात एक जागा दाखवली. येशू पुन्हा उठल्यावर कुणाकुणाला दिसला याची पौल यादी देतो, त्यात म्हणतो, मग बारा जणांना दिसला. दोदेका. मी म्हणालो, बरोबर. बाई म्हणाल्या, मोजा. मोजलं. यहूदा तेव्हा नव्हता, तो आधीच मेला. मत्थियाला अजून घेतलेलं नाही, ते नंतर. म्हणजे होते अकरा.

मी म्हणालो, मग पौलाची चूक. बाई म्हणाल्या, असं वाटणारे तुम्ही पहिले नाही. काही जुन्या हस्तलिखितांत कुणा नकलनवीसाने तिथे बाराच्या जागी अकरा करून ठेवलंय. त्याला वाटलं, हिशेब चुकला.

हा नकलनवीस मला फार आवडला. आपल्यासारखा माणूस. बसला असेल कुठेतरी दिव्याखाली, पाठ दुखत असेल, मोजून बघितलं आणि म्हणाला, हे चालणार नाही. अशी माणसं दुकानात कामाला मिळत नाहीत.

पण बाई त्याच्या बाजूने नाहीत. म्हणाल्या, “पंपवाले, पौल मोजत नव्हता. नाव घेत होता.”

बाराजण हे त्या लोकांचं नाव झालं होतं म्हणे. एक असो नसो, नाव तेच. यावर मी त्यांना मोटारीच्या कॉइलचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा टाकायला उठल्या.

म्हणजे अकरा जण उठून बाराजण म्हणवून घेऊ शकतात? हे तर मेहुण्याच्या सोयीचं झालं.

ठरलं: भाषणात पौलाचं नाव काढायचं नाही. मत्थियावर भर द्यायचा.


२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज संध्याकाळी मेहुणा घरी आला. आलाच शेवटी. मी मुद्दाम आतल्या खोलीत थांबलो, दोन वेळा खोकलो, मग बाहेर आलो.

चेहरा उतरलेला. कॅशियरने सोडलं, दाजी, म्हणाला. घसा म्हणतो, पण घशासारखं वाटत नाही, काहीतरी मनाला लागलंय. दहाच उरलोत. बेसच नाही, गाणं पायाशिवाय उभं आहे. मी सावकाश मान हलवली. शब्द तयार होते: ठीक आहे, झालं गेलं विसरू, कधी येऊ प्रॅक्टिसला?

तो म्हणाला, दाजी, निदान भात्याचं तरी बघाल का?

मला पुन्हा विचारावं लागलं, काय म्हणालास? तो म्हणाला, भाता. ऑर्गनचा.

मग तो गेला. ही भांडी आवरत होती. मागे न बघता म्हणाली, “अहो, कॅशियरभावजींना तुम्ही काही बोललात?”

मी सांगितलं. सगळं, रेकॉर्डिंगपासून. थोड्या अभिमानाने सांगितलं असेन. तिने नळ बंद केला.

म्हणाली, अठ्ठावीस ऑगस्टला भावजी डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये होते. तुम्हीच डबा घेऊन गेला होतात. आणि संध्याकाळी तिथून परस्पर प्रॅक्टिसला.

नळ पुन्हा सुरू केला.

मी इथे येऊन बसलोय. वॉशर बदलायला हवा त्या नळाचा, आवाज येतो.


२७ सप्टेंबर, शनिवार

मोबाइलमधल्या तारखा चुकतात. माझ्या ओळखीत एकाच्या मोबाइलमध्ये कित्येक महिने चुकीचं वर्ष होतं.

दुपारी दुकानातल्या सगळ्या मोटारी बंद केल्या. मिस्त्रीला स्पेअरपार्ट आणायला लांबच्या दुकानात पाठवलं. शटर अर्धं खाली ओढलं. स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला, तेच गाणं, पहिली दोन कडवी. मग हिच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग लावलं. मग माझं. मग ते. मग माझं.

तोच पंप.

गुळण्या सुरू केल्या आहेत. कोमट पाणी, मीठ. पुढच्या वर्षापर्यंत फरक पडायला हरकत नाही.


२९ सप्टेंबर, सोमवार

आज कॅशियरकडे जायचं ठरवलं होतं. दुकानात फार काम निघालं.


३० सप्टेंबर, मंगळवार

दुकानात काम नव्हतं, पण निघू शकतं म्हणून थांबलो.

खरं सांगायचं तर त्या घराच्या पायऱ्या डोळ्यासमोर येतात. मी तिथे बसून त्याला घरघर करून दाखवली. तोंडाने. आणि तो ऐकत होता. सगळं माहीत असून ऐकत होता. एका शब्दात मला गप्प करता आलं असतं. आणि मी म्हणतो माझे कान तिखट.

थकलोय. गुडघ्यांनी नाही.


१ ऑक्टोबर, बुधवार

बाईंकडे गेलो ते भाषण रद्द करतो असं सांगायला. त्यांनी काही विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं, मेहुणा, रेकॉर्डिंग, कॅशियर. हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या की तुम्ही फार चांगली घरघर करता हे मात्र खरं असणार.

मग त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली शेवटाकडची एक जागा उघडली. संध्याकाळची वेळ, सगळे शिष्य दार लावून बसलेत, येशू येतो. थोमा तेव्हा तिथे नव्हता. कुठे होता, का नव्हता, लिहिलेलं नाही. रुसला असेल, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, असेल. पण बघा, त्याच्याविषयी काय लिहिलंय. बाराजणांतला एक, थोमा, त्यांच्याबरोबर नव्हता.

तिथेही दोदेकाच.

यहूदा गेलेला, थोमा गैरहजर. मी न सांगता मोजलं. खोलीत दहा जण. मेहुण्याकडेही आज दहाच आहेत.

बाई म्हणाल्या, “नव्हता. तरी बाराजणांतलाच.”

आणि चहा टाकायला उठल्या. दर वेळी नेमक्या वेळी उठतात. शिकवण्याची पद्धत असावी.


२ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. पायऱ्या चढलो.

कॅशियरने दार उघडलं. काळा चष्मा गेलाय, आता साधा आहे, त्यातून डोळे मोठे दिसतात. मी रस्ताभर जुळवत आलेलं सगळं विसरलो. म्हणालो, तो आवाज माझा होता. म्हणाला, आत तर ये.

मी विचारलं, माहीत होतं, तर बोलला का नाहीस?

म्हणाला, तू इतक्या प्रेमाने सांगत होतास, मध्ये तोडवेना. घरघर तर इतकी छान केलीस की बायको आतून विचारायला आली, मिक्सर कुणी लावलाय. मग म्हणाला, “आणि खरं सांगू? तू तिथे नसणार, तर मी तरी कुणाशेजारी उभा राहू?”

मग त्याने नेहमीसारखी थट्टा केली. म्हणाला, शिवाय अडचणही आहे. तीस वर्षं मी तुझा आवाज ऐकून सूर लावतो. तू जिथे असशील त्याच्या जरा वर. तू गेल्यापासून मला अंदाजच येत नाही.

हा माणूस बँकेत होता म्हणून वाया गेला.

मी म्हणालो, तू आजच्या प्रॅक्टिसला जा. तो म्हणाला, जाईन, पण दोन अटी. मेहुण्याला जे काही सांगायचं ते तू स्वतः सांगायचं, मी मध्ये पडणार नाही. आणि भात्याची मोटार दुरुस्त करायची. ती घुमली की माझ्या कानात अजून तूच गातोयस असं वाटतं.

संध्याकाळी तो प्रॅक्टिसला गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडलं आणि परत फिरलो. आतून ऑर्गन सुरू झाल्याचा आवाज आला. मोटार खरंच घुमते. इतक्या वर्षांत मला ऐकू कशी आली नाही?


८ ऑक्टोबर, बुधवार

भाषण झालं. तयारी जोरदार होती. नवीन पुठ्ठा, मोठ्या अक्षरात दोदेका. इस्त्रीचा शर्ट. दहा मिनिटांचा मजकूर आरशासमोर दोनदा म्हणून बघितला.

श्रोते फार नव्हते. पाद्रीसाहेब, ही, कॅशियर, पहिल्या बाकावर बाई, त्यांच्यामागे फुलवाल्या आजी, ज्या दर रविवारी वेदीवरची फुलं लावतात आणि बुधवारी सगळ्यात आधी येऊन सगळ्यात आधी झोपतात. दाराशी मेहुणा उभा होता. बसला नाही.

मी कॉइलपासून सुरुवात केली. उदाहरण सोपं असावं म्हणून. पण कॉइल सांगायचं तर खाचा सांगाव्या लागतात, खाचा सांगायच्या तर फेज सांगावे लागतात. फेजमध्ये बराच वेळ गेला. पाद्रीसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मत्थिया आलाच नाही. पौल आला नाही. आपला नकलनवीस तर राहूनच गेला, त्याचं वाईट वाटतं.

शेवटी पुठ्ठा खाली ठेवला आणि म्हणालो, थोमा त्या दिवशी तिथे नव्हता. तरी लिहिणाऱ्याने त्याला बाराजणांतला एक असंच लिहिलंय. मला एवढंच सांगायचं होतं. मग म्हणालो, मोटारीचं विसरा, मोटारीत असं चालत नाही, माणसांत चालतं.

आजी टाळ्यांनी जाग्या झाल्या आणि त्यांनीही वाजवल्या.

बाहेर मेहुण्याला म्हणालो, मी माझा आवाज ऐकला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन खाली पाहिलं. मला वाटतं, गेला महिना त्यालाही सोपा गेला नसावा. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला असं सांगायचं म्हणजे. म्हणाला, दाजी, तुम्ही भात्याचं बघाल ना?

बघतो म्हणालो. त्याने माझा पुठ्ठा उचलून गाडीपर्यंत आणला.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर ऑर्गनच्या मागे. तिथे बसायला स्टूल मावत नाही, उकिडवं बसावं लागतं. मोटार उघडली. बेअरिंग कोरडं ठाक. ग्रीस केव्हाच संपलेलं, शाफ्ट सैल झालेला, कुणी लक्षच दिलं नाही. तरी इतकी वर्षं फिरत होती बिचारी.

बेअरिंग बदललं, बूड रबरावर बसवलं. चालू केली, कान लावला. काही नाही. हात लावला तेव्हा कळलं की फिरतेय.

अंगाचा प्रत्येक सांधा बोलतोय. गुळण्या करायचं आज राहिलं. कालही राहिलं होतं.

संकल्प: परवा शेवटच्या बाकावर बसायचं, शांत राहायचं, चेहरा प्रसन्न ठेवायचा.


१२ ऑक्टोबर, रविवार. वर्धापनदिन

शेवटचा बाक मिळाला नाही. मेहुण्याचं म्हणणं, नवीन बेअरिंग आहे, पहिल्या दिवशी माणूस जवळ असलेला बरा. त्यामुळे ऑर्गनच्या मागे, उकिडवा. चेहरा प्रसन्न होता, पण दिसायला कुणी नव्हतं.

पाद्रीसाहेब म्हणाले, आता बाराजण गातील.

पाइपांच्या फटीतून बाहेरचं थोडं दिसतं. अकरा जण उठले. मागची ओळ मला नीट दिसत होती. कॅशियर त्याच्या नेहमीच्या जागी उभा राहिला. त्याच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. मेहुण्याने हाताने खूण केली की जरा सरकून घ्या, ओळ बरोबर दिसत नाही. कॅशियरला ऑपरेशनमुळे दिसलं नसावं. सरकला नाही.

गायले. मी कान लावून ऐकलं, जसा गिऱ्हाइकाची मोटार ऐकतो तसा. कुठे उशीर नाही, कुठे हवा धरली नाही, ओळ संपली की संपली. खालचा सूर एकटाच होता, पण उभा होता. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. एक हात मोटारीवर ठेवून बसलो. तीस वर्षांत हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. चांगलं आहे.

संपल्यावर गुडघे सरळ व्हायला वेळ लागला. बाहेर आलो तेव्हा सगळे एकमेकांना हात मिळवत होते. बाजूच्या दाराशी फुलवाल्या आजींनी मला गाठलं. दोन्ही हातांत माझा हात घेतला. म्हणाल्या, इतकी वर्षं ऐकतेय, पण यंदा बाराजण गायले तसे कधी गायले नाहीत. आणि मग जवळ येऊन, मुद्दाम सांगावं तसं,

“तुमचा आवाज काय लागला होता हो आज.”

ही बाजूलाच उभी होती. कॅशियर झगा काढत होता, त्याचे हात थांबले. पलीकडे बाई चष्मा पुसत होत्या.

मी थँक यू म्हणालो.